रात्री एकनंतर गोव्यात नीट जेवायचं असेल तर

गोव्यात रात्रभर सगळं चालू असतं असं ज्याला वाटतं, तो बहुधा डिसेंबरात चार दिवस बागाला राहून गेलेला असतो. रात्री एक वाजता फोंड्याच्या तिस्कावर, डिचोलीच्या बाजारात किंवा अगदी पणजीत उभे राहून बघा. एटीएमचा दिवा आणि त्याखाली झोपलेली कुत्री सोडली तर काही नसतं. मी मराठी दैनिकाच्या रात्रपाळीत बरीच वर्षं काढली आहेत. शेवटचं पान छापखान्याकडे गेलं की मग पोटाची आठवण होते, आणि तेव्हा ‘गोव्यातली दहा लेट-नाइट ठिकाणं’ असल्या याद्या काडीच्या कामाच्या नसतात. त्यातली निम्मी ठिकाणं साडेअकराला शटर ओढतात. उरलेल्यांत बार चालू असतो, किचन बंद. शेंगदाणे मिळतात.

म्हणून उघडं काय आहे हा प्रश्नच विचारू नका. या वेळी जागं राहणं कुणाला भाग आहे, ते शोधा. त्या माणसासाठी कुठे तरी चूल पेटलेली असते.

आधी घड्याळ बघा

अकराच्या आत मोकळे होणार असाल तर तेव्हाच खाऊन घ्या, पुढचा लेख वाचायची गरज नाही. संध्याकाळी सातच्या सुमाराला गाडे लागतात: रोस-ऑमलेट (रोस म्हणजे मसालेदार रस्सा), चणा रोस, चिकन शागुती (भाजलेल्या खोबऱ्याच्या मसाल्यातली), कटलेट-पाव, चोरीस-पाव (चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज). पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को, प्रत्येक ठिकाणी आपापले गाडे आणि त्यांचे हट्टी भक्त. नऊ ते साडेदहा ही गाड्याची ऐन वेळ. तेव्हा डोळे मिटून खा.

पणजीतल्या जुन्या कॅफेंचा या बाबतीत उपयोग नाही. ते भाजी-पाव, मिरची आणि चहासाठी सकाळी उघडणारे आहेत. रात्री त्यांचं नाव नकाशावर बघून कुणी निघालं तर बंद दार बघून परत येईल.

अकरा ते एकच्या मध्ये कुठेही जाण्याआधी फोन करा आणि ‘किचन चालू आहे का’ असंच विचारा. ‘उघडं आहे का’ विचारलंत तर हो म्हणतील, आणि खोटंही बोललेले नसतील.

एक ते चार हा खरा खड्डा. यात जे मिळतं ते मोजक्या जागी. मडगाव आणि थिवी स्टेशनवर रात्रीच्या गाड्या असतात, त्यामुळे चहा आणि काही तरी गरम मिळण्याची आशा असते. प्लॅटफॉर्म तिकीट मात्र काढा. मोठ्या सरकारी इस्पितळांच्या आसपास पेशंटचे नातेवाईक जागे असतात, तिथे बघा. मोल्याला अनमोडचा घाट चढण्याआधी ट्रकवाले थांबतात, पत्रादेवी आणि पोळे या गोव्याच्या सीमेवरच्या दोन टोकांनाही तसंच. दाबोळी आणि मोपा विमानतळांवर मिळतं, पण त्यासाठी कुणी विमानतळावर जात नाही. पंचतारांकित हॉटेलांची कॉफी शॉप रात्रभर चालतात. खिसा परवानगी देत असेल तर जा. तिथलं सँडविच जगात कुठेही मिळतं तसंच असतं, वाईट नसतं. मांडवीतल्या कॅसिनोंमध्ये प्रवेशाच्या पैशांत बुफे धरलेला असतो, पण फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना तिथे जुगाराच्या दालनात मनाई आहे, तेव्हा इथल्या माणसाचा तो प्रश्न सरकारनेच मिटवला आहे.

चारनंतर परिस्थिती सुधारते. मडगावचा होलसेल मासळी बाजार, बेतीजवळची मालीम जेटी, सासष्टीतलं कुटबण, इथे मासे उतरवणाऱ्यांना चहा आणि भजी लागतातच. फक्त १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, त्या दिवसांत जेटीकडे फिरकू नका. आणि पोदेर, म्हणजे आमचा पाववाला! गावातल्या पोदेराची भट्टी पहाटेच्या आधीच पेटलेली असते. सायकलवर भोंपू वाजवत तो दारात येईपर्यंत थांबायचं काही कारण नाही. भट्टीवर गेलात तर कोंडा भुरभुरलेली गरम पोळी हातात पडते (ही चपाती नव्हे, गोव्याचा गोल पाव). तो कोंडा शर्टाला चिकटतो, हरकत नाही. तिच्यासोबत घरातलं काहीही चालतं, लोणचंसुद्धा.

नकाशा ठेवून द्या

मोबाइलवरचा नकाशा ‘चोवीस तास उघडे’ म्हणतो, ते दुकानदाराने एकदा टाकलेलं असतं आणि नंतर कुणी बदललेलं नसतं. त्याखालची पाच तारे देणारी माणसं तिथे दुपारी एकला जेवलेली असतात.

त्यापेक्षा बसस्टँडवर किंवा स्टेशनाबाहेर पायलट शोधा. पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल घेऊन भाडं बघत बसलेला माणूस. त्याला ‘चांगलं हॉटेल कुठे’ विचारू नका, तो तुम्हाला पर्यटकांच्या हॉटेलाकडे घेऊन जाईल. ‘तू खंय जेवतलो?’ (तू कुठे जेवणार?) एवढंच विचारा. खरं उत्तर मिळतं, आणि ते बहुतेक वेळा चालत जाण्याच्या अंतरावर असतं. इस्पितळाचा वॉचमन, वेर्ण्याच्या कारखान्यांची पाळी सोडायला आलेला बसचा ड्रायव्हर, हेही चालतील. मित्राला फोन करून उठवू नका. तो जी जागा सांगेल ती तीन वर्षांपूर्वी बंद झालेली असते.

चूल ओळखणं

इथेच सगळ्यांची गडबड होते. रात्री दीड वाजता समोर उजेड दिसतो, तव्याचा वास येतो, भूक लागलेली असते आणि माणूस स्टुलावर बसून मोकळा होतो. मीही सुरुवातीला हेच करायचो, आणि त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी पोट मागायचं. दुकान चालू असणं आणि तिथे या घडीला स्वयंपाक होत असणं यांचा काही संबंध नाही. रात्री उशिरा मिळणारं बहुतेक अन्न संध्याकाळी शिजलेलं आणि नंतर कोमट राहिलेलं असतं. कोमट हाच शत्रू. अन्न साठ अंशांच्या वर असेल तर ठीक, फ्रिजमध्ये असेल तरी ठीक; मधल्या उबेत जंतूंची चंगळ होते. आणि गोव्याची रात्र त्यांना आणखी ऊब देते, मे महिन्यात तर विचारू नका.

म्हणून बसण्याआधी उभ्याउभ्या बघायचं. पहिली गोष्ट, रोसाच्या टोपाखाली ज्योत आहे का. तव्याखाली असते, ती सगळ्यांनाच दिसते. टोपाखाली नसते आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. रोस रटरटत असला पाहिजे. वर साय धरल्यासारखा पापुद्रा आला असेल, कडेला तेल फुटून लाल कडं वाळलं असेल, तर तो टोप बराच वेळ नुसता बसून आहे. पळीने ढवळल्यावर बारीक फेस येऊन तो विरत नसेल तर तिथून निघा, विचारही करू नका. नारळ आंबल्याचा वास एकदा नाकाला कळला की पुन्हा कधी चुकत नाही.

दुसरी गोष्ट, अंड्यांची टरफलं. गाड्याच्या मागे किंवा पायाशी बादली असते, तिच्यात डोकवा. ओली टरफलं वर असतील तर आत्ता अंडी फुटताहेत. बादली भरलेली पण वरची टरफलं सुकून पांढरी पडली असतील तर गर्दी कधीच ओसरली आहे आणि तुम्ही उरलंसुरलं खाणार आहात. लोक किती बसले आहेत ते बघून याचा अंदाज लावतात, तो चुकतो. रात्री दीडला गाड्यावर बसलेल्या दहा माणसांपैकी आठ प्यालेले असतात आणि प्यालेल्या माणसाला चवीचं काही कळत नाही. नर्सच्या, वॉचमनच्या, ड्रायव्हरच्या गणवेशातली दोनच माणसं बसली असतील तरी त्यांच्यावर विश्वास ठेवा. त्यांना उद्याही इथेच खायचं असतं.

तिसरी गोष्ट, कांदा. रोस-ऑमलेटवर कच्चा कांदा पडतो. चिरलेल्या कांद्याच्या कडा सुकून वळल्या असतील तर तो संध्याकाळचा. कांदा ताजा चिरण्याचा ज्याला कंटाळा, तो बाकी काय ताजं करणार?

चौथी गोष्ट वेगाची, आणि ती लोकांना उलटी वाटते. ऑमलेट अर्ध्या मिनिटात समोर आलं तर खूश होऊ नका. गर्दीच्या वेळी गाडेवाले ऑमलेटं आधीच करून एकावर एक रचून ठेवतात, वरून गरम रोस ओतला की झालं. नऊ वाजता ते ठीक, कारण ती चळत पाच मिनिटांत संपते. दीड वाजता त्याच चळतीतलं शेवटचं ऑमलेट तुमच्या ताटलीत येतं. सरळ सांगा, ‘म्हाका ताजें घाल, रावतां.’ मी थांबतो म्हटलं की गाडेवाला वाईट वाटून घेत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोला. माझा प्रश्न ठरलेला असतो: ‘पात्रांव, आतां गरम कितें आसा?’ (मालक, आता गरम काय आहे?) उत्तर ‘सगळें आसा’ असं आलं तर मी पुढे चालू लागतो. रात्री दीडला सगळं असूच शकत नाही. सगळं असणं म्हणजे काहीच खपलेलं नसणं. ‘शागुती सोंपली, चणा रोस मातसो (थोडा) आसा, आमलेट करून दितां’ असं म्हणणारा माणूस भेटला तर बसा. ज्याच्याकडे काही तरी संपलेलं आहे, त्याच्याकडेच खाण्यात अर्थ आहे.

एक शंका नेहमी काढली जाते की आपण गोंयकार कालची कोडी, म्हणजे आदल्या दिवशीची आटवलेली कढी, आवडीने खातो, मग शिळ्याला एवढं का घाबरायचं? अहो, घरची कोडी आटवलेली असते, ती आपल्या डोळ्यांदेखत उकळलेली असते आणि सकाळी पावाबरोबर संपते. गाड्यावरच्या टोपात रात्रभर किती वेळा पाणी पडलं हे तुम्ही पाहिलेलं नसतं. रात्र सरत आली की रोस पुरवायला किटलीतून गरम पाणी ओततात, हे कुठल्याही गाड्यावर बघायला मिळेल. तो विषारी होत नाही, पण पातळ आणि पुचाट होतो. पळी उलटी करून बघा: पाठीवर रोसाचा थर राहिला पाहिजे. पाण्यासारखा ओघळून पळी स्वच्छ झाली तर रोस नको म्हणा, नुसतं ऑमलेट-पाव घ्या.

काय मागवायचं

अंडं. दुसरं काही सुचत नसेल तर अंडंच. ते तुमच्यासमोर फुटतं, फसवायला जागा कमी.

त्याच्यापुढे जायचं तर हे लक्षात ठेवा: सिरक्याचं आणि भाजलेल्या नारळाचं रात्री चालतं, कच्च्या नारळाचं चालत नाही. चोरीस बनवतातच ते टिकण्यासाठी. डुकराचं मांस, मीठ, सिरका, सुकी मिरची, लसूण, मग उन्हात किंवा धुरावर सुकवणं. रात्री दोनला चोरीस-पाव हा मला माहीत असलेला सगळ्यांत निर्धोक मांसाहार आहे. सोरपोतेल हा डुकराच्या मांसाचा पदार्थ तर दुसऱ्या दिवशीच लागतो चवीला, त्यातही सिरका. शागुतीत खोबरं मसाल्याबरोबर खरपूस भाजलेलं असतं, म्हणून ती हुमणापेक्षा, म्हणजे माशाच्या कढीपेक्षा, जास्त तग धरते. हुमणात मात्र ताजा नारळ वाटलेला असतो, तो उकाड्यात झपाट्याने आंबतो. म्हणून माशाची कढी आणि भात हे दुपारचं जेवण आहे. रात्री दोनला कुणी ‘फिश करी राइस’ पुढे केला तर नम्रपणे हात जोडा.

फ्राइड राइसचं नाव काढू नका. दुपारचा भात बाहेर राहिला की त्यात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू वाढतो. त्याचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात, आणि त्याने एकदा तयार केलेलं विष पुन्हा परतून जात नाही. कढईतल्या मोठ्या ज्वाळा बघून लोकांना वाटतं सगळं मेलं असेल. मरत नाही.

किनारपट्टीवरच्या लेनमध्ये तीन-चारपर्यंत शोरमा मिळतो. सळईवरचं मांस फिरताना दिसत असेल, बाहेरचा थर सुरकुतून करपलेला नसेल, तर खा. मेयोनेज मात्र नको म्हणा. कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर केरळने २०२३ मध्ये बंदी आणली ती उगाच नाही.

गोबी मंच्युरियनबद्दल आमच्याकडे राजकारण झालेलं आहे. वास्कोच्या दामोदर सप्ताहातल्या स्टॉलवर २०२२ मध्ये त्याला आवर घालायचे आदेश निघाले, म्हापसा पालिकेने २०२४ च्या सुरुवातीला बंदीचा पवित्रा घेतला. कारण दोन्हीकडे तेच, कृत्रिम रंग आणि अस्वच्छता. बंदीचं काय व्हायचं ते होवो. पण हाताला लाल रंग लागेल असं काहीही रात्री खाऊ नका, एवढं मी माझ्यातर्फे सांगतो.

शिवराक, म्हणजे शाकाहारी माणसाचे हाल होतात, हे खरं आहे. चणा रोस हा एकमेव भरवशाचा पर्याय, पण तो शागुतीच्या शेजारी उकळत असतो आणि पळी दोन्हींत एकच फिरते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधीच विचारावं, नंतर चेहरा करू नये. श्रावणात गाडे कमी लागतात, तेव्हा शिवराकांचेही आणि मांसाहाऱ्यांचेही हाल सारखेच. समोर तळलेली भजी घ्या, तेल काळं नसेल तर.

पावाबद्दल एक. रात्री मिळणारा पाव संध्याकाळच्या फेरीचा असतो, तो थोडा चिवट होणारच. तव्यावर कडा दाबून भाजून मागा. उंडो या गोल पावाचं कवच कडक असल्याने तो त्यातल्या त्यात तग धरतो. पोळी मात्र रात्री चामड्यासारखी होते, ती पहाटेसाठी ठेवा.

जत्रा असेल तर

कार्तिकानंतर गोव्यात जत्रा सुरू होतात आणि मग रात्रीच्या जेवणाची चिंता संपते. पेडण्याकडे दशावतारी काला असो की म्हापशाला बोडगेश्वराची जत्रा, देवळाबाहेरचे स्टॉल उशिरापर्यंत पेटलेले असतात. इथे युक्ती एकच. नाटकाच्या मध्यंतराआधी दहा मिनिटं उठा. मध्यंतराच्या गर्दीसाठी तेव्हा कढया भरलेल्या असतात, पहिला घाणा तुमच्या वाट्याला येतो आणि रांग नसते. मध्यंतर झाल्यावर गेलात तर उरलेली भजी आणि शेवटचा, उकळून कडू झालेला चहा. नाटकातला एक प्रवेश बुडतो, बुडू द्या. त्याच्यात काय झालं ते शेजारी सांगतोच. येताना खाजें घ्या. गूळ आणि आल्याचं असतं, आठवडाभर टिकतं, आणि पुढच्या रात्रपाळीला टेबलाच्या खणात असलेलं बरं.

पार्सल

नका घेऊ. उकळता रोस प्लास्टिकच्या पिशवीत ओतून गाठ मारून देतात, ते बघून मला अजून शिसारी येते, आणि घरी पोहोचेपर्यंत तो नेमका त्या कोमट अवस्थेत गेलेला असतो. खरंच कुणासाठी न्यायचं असेल तर गाडीच्या डिकीत स्टीलचा डबा ठेवा आणि घरी गेल्यावर पहिल्यांदा गॅस पेटवा, हात-पाय नंतर धुवा. पैसे सुटे ठेवा. क्यूआर कोड सगळ्या गाड्यांवर आला आहे, पण रात्री दोनला मोल्यात नेटवर्क मिळेलच असं नाही, आणि गाडेवाल्याकडे पाचशेची मोड या वेळी नसते.